वाटलेली साखर

त्या वर्षी सरकारनं एक आख्खा वर्ग गिळून टाकला. आधी मॅट्रिक अकरावीला असायचं, ते दहावीवर आणलं. शहाण्या माणसांनी मुंबई-पुण्यात बसून काय विचार केला असेल तो असो, पण झालं असं की पंचाहत्तरच्या मार्चात जुन्या अकरावीची शेवटची पोरं आणि नव्या दहावीची पहिली पोरं एकदमच बोर्डाला बसली. निंबखेडच्या अप्पाराव साळव्यांच्या घरात तर एक या परीक्षेला आणि एक त्या परीक्षेला. वसंता अकरावीत, त्याची धाकटी बहीण बेबीनंदा दहावीत. जन्मभर भावाच्या मागं एक इयत्ता चालत आलेली पोरगी सरकारच्या एका सहीनं त्याच्या बरोबरीला येऊन उभी राहिली. "कानामागून आली अन् तिखट झाली," असं वसंताच तिला चिडवायचा. चिडवायचा, पण त्याच्या मनात वाकडं नव्हतं.

अप्पाराव भोकरदनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. पोत्याखाली वाकून वाकून त्याची मान एका अंगाला कलली होती. स्वतः तिसरीत शाळा सुटलेला, पण पोरांच्या शिक्षणावर जीव. पोरगी मोठी झाली, आता शाळेतून काढ, असं सांगायला आलेल्या सोयऱ्यांना त्यानं चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती, ती काही केल्या हलत नव्हती. मॅट्रिक म्हणजे अकरावी. बेबीनं त्याला परोपरीनं सांगून पाहिलं.

"आबा, आमचीबी यंदा बोर्डाचीच हाय. आता दहावीलाच मॅट्रिक म्हणतेत."

"व्हय व्हय," अप्पाराव म्हणायचा, "तुझं पुढच्या साली. आंदा वसंताचं निभू दे."

साऱ्या वस्तीचंच त्याच्यासारखं होतं. बौद्धवस्तीत अजून एकही मॅट्रिक झालेला नव्हता. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला तातेराव आता काठी टेकत चालायचा. वसंता दिसला की तो त्याला थांबवायचा आणि म्हणायचा, "लेका, या वस्तीत एक मॅट्रिक बघितला की मी डोळे मिटायला मोकळा." वसंता हसून मान हलवायचा. उंचापुरा पोरगा, गळा गोड, भीमजयंतीला गाणी म्हणायला पहिला. गणित म्हटलं की मात्र त्याचा चेहरा उतरायचा. धाकटीकडून शिकायची लाज, म्हणून ती दोघं घराच्या मागच्या अंगाला, शेणाच्या गोवऱ्यांआड बसून गणितं सोडवायची. तिथं बेबी मास्तरीण आणि वसंता विद्यार्थी. कुणाची चाहूल लागली की वसंता पुस्तक हिसकावून मोठ्यानं वाचायला लागायचा, म्हणजे तोच तिला शिकवतोय असं दिसावं.

बेबीला नर्स व्हायचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती आईबरोबर जायची. तिथं एकदा सरकारी जीपमधून एक नर्सबाई आली. पांढरं लुगडं, पायात बूट. सगळ्या बायांना तिनं रांगेत उभं केलं आणि सुया टोचल्या. ज्या पाटलीणबाईनं आदल्याच दिवशी बेबीच्या आईला पाण्याच्या टाकीपासून लांब उभं राहायला सांगितलं होतं, तिनं त्या नर्सपुढं मुकाट्यानं दंड उघडा केला. पुढं कळलं, की नर्स आपल्यातलीच होती. बेबीनं त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. भोकरदनच्या शाळेतल्या हेडसरांनाही तिनं हे सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "पास हो. औरंगाबादला मुलींचं वसतिगृह आहे, राहणं-जेवण फुकट. अकरावी तिथं कर, मग नर्सिंग. फक्त जून संपायच्या आत वडिलांना घेऊन तिथं गेलं पाहिजे. नंतर जागा राहत नाही."

गिरिजाबाई, म्हणजे पोरांची आई, हिची तयारी निराळीच चालली होती. साखर तेव्हा कंट्रोलची, रेशनवर मिळायची तीही मोजकी. तिनं वर्षभर घरात गुळाचाच चहा केला आणि रेशनची साखर डालड्याच्या डब्यात साठवली. एकदा बेबीनं डब्यात बोट घातलं तर तिच्या पाठीत धपाटा बसला. "मॅट्रिकची साखर हाय ती," गिरिजाबाई म्हणाली.

परीक्षा झाली. गणिताच्या पेपराच्या दिवशी वसंता शाळेच्या लिंबाखाली बसून राहिला होता. बेबी बाहेर आली तेव्हा तो जमिनीकडं बघत म्हणाला, "बेबे, माझा अर्धा पेपर कोरा हाय. घरी बोलू नको." ती बोलली नाही. असल्या गोष्टी बोलून कुणाचं भलं होतं?

निकाल दोन दिवसांनी लागणार असं सगळे धरून होते, तो अचानक आधीच लागला. मोंढा बंद होता म्हणून अप्पाराव गावाच्या फाट्यावर, चहाच्या हॉटेलापुढं बसला होता. भोकरदनकडून जालन्याला जाणारी दुपारची एस.टी. आली. कंडक्टर गजानन रोजचा ओळखीचा. त्या काळी निरोप धाडायला कंडक्टरसारखा भरवशाचा माणूस नव्हता. औषधाची बाटली, लग्नाचं बोलावणं, बाळंतपणाची खबर, सगळं त्याच्या हाती जायचं. त्यानं दारातूनच आरोळी दिली.

"अप्पाराव, निकाल लागला! हेडसरचा निरोप हाय, तुमच्या घरी मॅट्रिक पास हाय म्हणून सांगा! उद्या दोघांना शाळेत धाडा म्हणले!"

आणि घंटी वाजली, गाडी गेली. हेडसरांनी नाव घालून निरोप दिला होता, हे पुढं कळलं. पण मधल्या थांब्यांवर एक लग्नाचं वऱ्हाड चढलं, कुणाच्या शेळीवरून भांडण झालं, आणि त्या गोंधळात नाव मधल्याच कुठल्या तरी थांब्यावर उतरून गेलं. राहिलं असतं तरी अप्पारावनं ते ऐकलं असतं का, हाही प्रश्नच आहे. त्याच्या घरात मॅट्रिकला बसलेलं त्याच्या लेखी एकच जण होतं.

तो फाट्यापासून वस्तीपर्यंत पळत आला. पन्नाशीचा माणूस, मान कललेली, धोतराचा सोगा हातात. "पास झाला! वसंता पास झाला!" गिरिजाबाईनं डबा काढला, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवला, मेणबत्ती लावली, आणि तिथंच बसून रडायला लागली. पोरं वसंताला शोधायला धावली. तो नदीच्या कोरड्या पात्रात बाभळीखाली पडला होता. त्याला खांद्यावर घेऊन आणलं तेव्हा तो एकच विचारत होता, "खरं? खरं सांगता का?" कुणीतरी निळा गुलाल आणला. तातेरावनं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. वसंताच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग शंका, आणि मग हळूहळू त्यालाही वाटायला लागलं, की पेपर तपासणारा दयाळू निघाला असेल. माणसाला जे हवं असतं ते खरं वाटायला वेळ लागत नाही. बेबीलाही तेच वाटलं. ती आनंदानं नुसती नाचत होती. आपला निकाल मागून येईल, नवीन परीक्षा आहे, उशीर लागत असेल, असं तिनं धरलं.

ताट भरून द्यायचं काम तिच्याकडं होतं. अप्पाराव ताट घेऊन घरोघर जायचा, रिकामं करून यायचा, ती पुन्हा भरायची. वस्ती संपली तेव्हा तो थांबला नाही. तो ताट घेऊन वर गावात गेला. चावडीच्या पारावर मंडळी बसली होती. आजवर त्याच्या हातचं पाणी न घेतलेली मंडळी. अप्पारावनं ताट पुढं केलं आणि म्हणाला, "पोरगं मॅट्रिक झालं." क्षणभर कुणी हललं नाही. मग म्हाताऱ्या रखमाजी पाटलानं हात पुढं केला. त्याच्यामागून आणखी दोघांनी केला. अप्पारावनं त्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवली, आणि त्यांनी ती त्याच्यासमोर तोंडात टाकली.

घरी आला तेव्हा तो नुसता रिकाम्या ताटाकडं बघत बसला. असा दिवस त्याच्या आयुष्यात आधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

डब्याच्या तळाशी उरलेला चुरा गिरिजाबाईनं झटकून वसंताच्या तोंडात घातला. बेबीकडं बघून म्हणाली, "तुझी पुढच्या साली हां माय."

दुसऱ्या दिवशी दोघं शाळेत गेली. वसंताच्या कानामागं निळा रंग तसाच होता. हेडसरांनी आधी बेबीला जवळ बोलावलं. "शाब्बास. शाळेतल्या मुलींत पहिली आलीस. कालच निरोप धाडला होता, मिळाला ना?" मग ते वसंताकडं वळले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "तुझं गणित आणि इंग्रजी राहिलंय रे. ऑक्टोबरला बस. खचू नको."

वसंता "हो सर" म्हणाला. त्यानं एवढ्या शांतपणे म्हटलं, की हेडसरांना काही कळलंच नाही.

येताना ती एस.टी.नं आली नाहीत. रस्त्यानं चालत आली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. मग वसंता म्हणाला, "बेबे, कालची साखर तुझी व्हती."

"घरचीच व्हती," ती म्हणाली.

"मी सांगतो आबाला. आजच सांगतो, बिलकुल सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे."

तो सांगणार होता. त्याच्या मनात खोट नव्हती, हे बेबीला शेवटपर्यंत पटलेलं होतं. पण गजानन कंडक्टर सकाळच्या फेरीला फाट्यावर चहा पिऊन गेला होता, आणि जाता जाता सांगून गेला होता, की साळव्यांच्या घरात एक पास आणि एक नापास. एवढंच. वस्तीला पुढचं सांगायची गरज नव्हती. साखर वसंताची म्हणून सगळ्यांनी खाल्लेली होती. मग नापास कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. दोघं घराशी पोचली तेव्हा दारात शेजारची चतुराबाई उभी होती. तिनं पुढं होऊन बेबीला पोटाशी धरलं.

"राह्यली व्हय गं माय? जाऊ दे, जाऊ दे. पोरीच्या जातीला एवढं शिकली हेच लई झालं. भाऊ पास झाला ना? मंग झालं तर."

बेबीनं चतुराबाईच्या खांद्यावरून वसंताकडं पाहिलं. आता तो बोलेल. आत्ता, या घडीला, एक वाक्य. वसंताचं तोंड उघडलं. ओट्यावर तातेराव बसला होता, त्याच्या शेजारी आणखी दोघंतिघं, आणि मधे अप्पाराव, कालचा धुतलेला सदरा घालून. सगळे वसंताकडं कौतुकानं बघत होते. त्याचं तोंड मिटलं. तो मान खाली घालून आत निघून गेला.

बेबीही बोलली नाही. का बोलली नाही, हे तिनं पुढं कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. भाऊ बोलेल म्हणून ती थांबली, आणि तो बोलला नाही तेव्हा वेळ निघून गेली होती. खोटं असं त्या घरात कुणालाच बोलावं लागलं नाही. ते वस्तीनंच, मायेपोटी, बोलून टाकलं.

संध्याकाळी भाकरी करताना तिनं आईला सांगितलं. गिरिजाबाईचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी ती तशीच बसून होती. सकाळी तिनं अप्पारावला सांगितलं. बेबीला वाटलं आबा ओरडेल, वसंताला मारेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "गावात वाटली म्या. पाटलानं हात पुढं केल्ता."

"दोघंबी पास म्हणू," गिरिजाबाई म्हणाली. "कुणाला काय कळतंय?"

"गजानन सांगून गेलाय, एक राह्यलं म्हणून. आता दोघं म्हणलं तर लोक शाळेत जाऊन इचारतील. मंग गावासमोर तोंड कसं दावू? म्हणतील, ह्यायनी फुकटचा गुलाल उधळला." त्यानं मान हलवली. "झाकली मूठ झाकलीच राहू दे. वसंता ऑक्टोबरात बसंल, पास हुईल. तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई."

"आबा, मंग माझं?" बेबी म्हणाली. "जून संपायच्या आत औरंगाबादला जायचंय. तुमाला यावं लागतंय."

अप्पारावनं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. "तू खरंच पास झाली का गं?"

"पहिली आले, पोरींत."

त्याचे डोळे भरून आले. हे बेबीनं पाहिलं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग धरता आला नाही. राग धरता आला असता तर ती कदाचित एकटीच औरंगाबादला गेली असती.

"माय," तो म्हणाला, "नापास पोरगी कालेजात कशी गेली म्हणून लोक इचारतील, तवा मी काय सांगू? एक साल थांब. वसंताचं निघू दे. मंग तूबी ऑक्टोबरात निघाली म्हणू. मी सोता तुला घेऊन जातो. शब्द हाय माझा."

ती रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आईनं तिला विहिरीवर धुणं धुवायला नेलं आणि दगडावर बसवून सांगितलं, "बेबे, तुझ्या भावाचं ध्यान बराबर न्हाई. काल सांजंला इथंच बसल्ता, पाण्यात बघत. म्या हाक मारली तर दचकला. तुझं शिक्षण सालभरानं हुईल. त्याच्या जिवाचं काही झालं तर मला कोण आणून देणार?" बेबीनं धुणं पिळलं आणि डोक्यावर घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

त्या महिन्यात एकदा गजाननानं फाट्यावर पुन्हा निरोप दिला. हेडसर विचारत होते, बेबीला घेऊन अजून का आले नाहीत. अप्पारावनं सांगितलं, पोरगी मामाकडं गेलीय म्हणा. पोरगी तेव्हा घरामागं गोवऱ्या रचत होती. जून संपला. ती त्या दिवशी सकाळपासून रस्त्याकडं तोंड करून बसली होती. भोकरदनकडून गाड्या येत होत्या आणि जालन्याकडं जात होत्या. शेवटची गाडी गेल्यावर ती उठली आणि चूल पेटवायला गेली.

मध्यंतरी वस्तीत जो भेटेल तो तिची समजूत घालायचा. बाया म्हणायच्या, "कशात राह्यली गं?" ती सांगू लागली, "गणितात." गणित तिचा सगळ्यात आवडता विषय होता. म्हणूनच तिनं तो निवडला असावा.

जुलैत वसंता जालन्याला गेला. नव्या जालन्यात एका अडत दुकानात नोकरी लागली म्हणाला. वस्तीनं आनंदानं माना हलवल्या. मॅट्रिकचं पोरगं, कारकून झालं असणार. तो दसऱ्याला आला. धम्मदीक्षेचा दिवस, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत निळ्या झेंड्यापाशी जमली होती. वसंता पुढं उभा राहून वंदना म्हणत होता, आवाज तोच गोड. तातेरावनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी बेबी त्याचा जुना सदरा धुवायला घेऊन गेली. सदरा उजव्या खांद्यावर विरून जाळी झाला होता, आणि शिवणीत तागाचे धागे अडकले होते. तिनं लहानपणापासून असले सदरे धुतले होते. आबाचे. हमालाचा सदरा खांद्यावर आधी फाटतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती ओला सदरा हातात घेऊनच त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "ऑक्टोबरचा फॉर्म भरला का तू?"

वसंतानं सदऱ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "बेबे, मी पास हाय ना? पास माणूस परीक्षेला कसा बसंल? तिथं गावचं एखादं पोरगं दिसलं तर?" तो हसला, आणि ते हसणं बघवत नव्हतं. "मला वाटलं व्हतं तू तरी जाशीन. तू कामून न्हाई गेली?"

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की तू त्या दिवशी दारात एक वाक्य बोलला असतास तर गेले असते. ती म्हणाली, "सदरा ठिगळ लावून देते."

मग तिला कळून चुकलं, की ते पुढचं साल येणार नाही. वसंता ऑक्टोबरात पास होणार नव्हता, म्हणून ती कधी 'निघणार' नव्हती. आबाचा शब्द खरा होता, फक्त तो ज्या खुंटीला टांगलेला होता ती खुंटीच भिंतीत नव्हती.

कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा एक दिवस सकाळी चतुराबाईच्या अंगणात तिची सुमन दिसली. सातवीतली पोरगी, शाळेची वेळ, आणि अंगात जुना परकर. बेबीनं विचारलं तर ती म्हणाली, "मायनं शाळेतून काढलं." आणि आत पळाली.

बेबीचं डोकं त्या दिवशी भणभणलं. सुमन तिच्याकडं अभ्यासाला यायची. बेरजा तोंडी करायची, पुस्तकातले धडे गाऊन म्हणायची. बेबी तडक चतुराबाईच्या दारात गेली. काय बोलायचं ते तिनं अंगण ओलांडताना ठरवलं होतं. मावशी, मी पास हाय. मी पोरींत पहिली आले. काय व्हायचं ते होऊ दे.

"मावशी, सुमीला शाळेतून कामून काढलं?"

चतुराबाई डोक्याला फडकं बांधत होती. "मंग काय करू बाई? तूच सांग. तू एवढी हुशार, रात्रंदिस पुस्तकात डोकं, तुझ्या बापानं तुला किती जपलं. तुझ्यासारखी तू नापास झाली. मंग आमची सुमी काय उजेड पाडणार? उगं साल वाया. त्यापरीस कापसाची चार फुलं येचून आणल." मग तिचा आवाज मऊ झाला. "माझं कचरू मात्र वसंतामुळं लागलंय बघ अभ्यासाला. म्हणतंय, वसंतादादा झाला, मंग मी का व्हणार न्हाई? तुझ्या भावानं वस्तीचं नाव केलं गं. त्याच्याकडं बघून पोरं शिकायला लागली."

आत कचरूचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. बेबी उंबऱ्यापाशी उभी होती. ओठावर आलेलं वाक्य तसंच होतं. ते बोलली तर सुमन दप्तर घेईल, आणि कचरू? आणि पारावर हात पुढं करणारा पाटील, आबाची कललेली मान, विहिरीच्या काठी बसलेला वसंता? तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. ती सोळा वर्षांची होती.

"मावशी, मी..." ती म्हणाली.

चतुराबाईनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला वाटलं, पोरीला नापास झाल्याची आठवण काढून आपण दुखावलं. "थांब," म्हणून ती आत गेली आणि लुगड्याच्या चिंधीत बांधलेली लहानशी पुरचुंडी घेऊन आली. गाठ सोडत म्हणाली, "ही तुमच्याच घरची हाय, वसंताच्या पासाची. म्या राखून ठेवल्ती, कचरूच्या परीक्षेला त्याच्या तोंडात घालायला. म्हणलं, गुण लागावा. त्यातली घे चिमूटभर. त्या दिवशी तू ताटं भरत राह्यली व्हती, म्या बघितलं. तुझ्या तोंडात कणबी गेला नसंल."

पावसाळ्यात ओल लागून साखरेचा खडा झाला होता. चतुराबाईनं त्याचा तुकडा नखानं फोडला आणि बेबीच्या तळहातावर ठेवला. बेबीनं ती साखर तोंडात टाकली.

"गोड हाय न्हवं?" चतुराबाईनं मायेनं विचारलं.

"हाय," बेबी म्हणाली.

चतुराबाईनं सुमनला हाक मारली. पोरगी बाहेर आली, कापूस वेचायची ओटी कमरेला बांधली आणि आईच्या मागं रानाकडं निघून गेली. बेबी त्यांच्याच उंबऱ्यात उभी होती. तोंडातली साखर अजून विरघळायची होती.